ओलूम आणि हिंज

हेस्टर ब्रँट न्यूअर्कच्या बटणांच्या कारखान्यात कामाला होती. शनिवारी दुपारी ती आणि मी डॉयलच्या आइस्क्रीमच्या दुकानामागच्या खोलीत जायचो. तिथे आमचं मंडळ भरायचं. सगळे मंगळ-शनीवरच्या विज्ञानकथांनी वेडे झालेले, आणि त्यात मुली आम्ही दोघीच.

त्या दिवसांत प्रत्येक कथेला नवे शब्द लागत. तिथल्या यानांना, शस्त्रांना, दारांना पृथ्वीवरची नावं पुरत नसत. चांगला शब्द कुणी आणला, की मंडळ टेबलावर मुठी आपटायचं.

हेस्टरने 'ओलूम' आणला तेव्हा मुठी आपटल्या नाहीत. ओलूम म्हणजे एक दार. त्यातून पाऊल टाकलं की माणूस दुसऱ्या ग्रहावर. हा शब्द तिच्या धाकट्या भावाचा, ऑटोचा. पोलिओने पाय गेल्यावर तो पलंगावरून समोरच्या कपाटाच्या दाराकडे बघत राहायचा आणि त्याला ओलूम म्हणायचा. "हेस्टी, आज ओलूममधून कुठे जायचं?" तो गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. हे मला ठाऊक होतं. मंडळाला तिने फक्त कथा वाचून दाखवली.

"ओलूम?" क्लाइड हार्बिसन म्हणाला. "आमची मांजर ओकताना असाच आवाज काढते." सगळे हसले.

हिवाळा संपता संपता क्लाइडची पहिली कथा एका मासिकात छापून आली. मुखपृष्ठावर लाल अक्षरांत 'ओलूमपलीकडे'. कथा त्याची होती. दार ऑटोचं होतं.

हेस्टरने तो अंक त्याच्या आइस्क्रीमच्या बशीवर टाकला.

"माझा शब्द परत दे."

"शब्दाला मालक असतो होय गं?" क्लाइड चमचा चाटत म्हणाला. "जो वापरेल त्याचा."

"पुन्हा म्हण."

"जो वापरेल त्याचा. झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तेव्हा तिने ऑटोच्या त्या कपाटाच्या दाराची बिजागरी बोटाने चाचपली आणि तिचं इंग्रजी नाव घेत मला म्हणाली, "हिंज. मायरा, नुसतं हिंज म्हटलं तर? 'तो हिंजने शनीवर गेला.'"

"फारच साधं आहे."

"म्हणूनच चालेल."

आमची स्वतःची एक सायक्लोस्टाइल पत्रिका होती. बॉस्टनपासून लॉस एंजेलिसपर्यंतच्या मंडळांना आम्ही ती पाठवायचो, ते त्यांच्या आम्हाला पाठवायचे. पुढच्या अंकात हेस्टरने छापलं : 'हिंज. दोन ग्रहांमधलं दार. हा शब्द कुणाचाच नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा, नाव देण्याची गरज नाही.' मग ती मासिकांच्या संपादकांना पत्रं लिहू लागली. कधी मावशीच्या नावा-पत्त्याने, कधी खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याच्या. 'ओलूम वाचताना जीभ अडखळते, साहेब. हल्ली सगळे हिंज म्हणतात ना?' तेव्हा कुणीच म्हणत नव्हतं.

न्हावी कुरकुरायचा. "बाई, शनीच्या दारांवर माझं काय मत आहे, हे मला कधी कळणार?"

"छापून आलं की वाचा," हेस्टर म्हणायची.

आधी ओहायोच्या एका पोराने हिंज वापरला. मग टेक्ससमधल्या कुणीतरी. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत नवी पोरं असं लिहू लागली, जणू हा शब्द कायमच होता. ओलूम उरला फक्त क्लाइडच्या कथांत, जुन्या टोपीसारखा.

एका शनिवारी क्लाइड डॉयलकडे आमच्या टेबलाशी आला. केस विरळ झाले होते. त्याची कादंबरी संपादकाने परत पाठवली होती : ओलूम काढा, हिंज घाला, मग छापू.

"हिंज तू सुरू केलास, हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा विचारावं. घालू का?"

"मला कशाला विचारतोस? जो वापरेल त्याचा."

तो उभाच राहिला. हेस्टरने सावकाश आइस्क्रीम संपवलं, तळाचं वितळलेलं पाणीसुद्धा. तिला इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

घरी जाताना मी म्हणाले, "आता तो शब्द कुठेच राहणार नाही, हेस्टर. ऑटोचा होता."

"शब्द मेला तर मरू दे. क्लाइडच्या तोंडात नको होता."

खोलीत शिरून तिने ऑटोचं ते कपाट उघडलं, कोट आत टांगला आणि दार लावून घेतलं.