कमोडचं तोंड कुणीकडं

जुन्या संडासात एक दिवस मी बसले ती उठलेच नाही. उजवा गुडघा अडकला. शेवटी सुनेनं काखांत हात घालून मला उपसून काढलं. त्याच दिवशी ठरवलं, आता कमोड बसवायचा. मला मरायची भीती नाही, पण संडासातून हाका मारायची लाज वाटते.

मुलगा निघोज्याला कंपनीत आहे. त्यानं सुट्टी टाकली आणि जुन्या फरशीवरच नवी खरखरीत फरशी बसवून घेतली. तेव्हाच मी मिस्त्रीला भिंतीत एक दांडा ठोकायला लावला. दाराकडं तोंड करून बसायचं, डाव्या हाताला दांडा, तो धरून उठायचं.

प्लंबर आला त्याच सकाळी मुलानं मोबाइलवर वास्तूचा व्हिडिओ बघितला.

"आई, दार पूर्वेला आहे. पूर्वेकडं तोंड करून बसलं की लक्ष्मी जाते."

"आपल्याकडं ती आलीवती कधी?"

तो ऐकेना. प्लंबरला म्हणाला, "भाऊ, तोंड दक्षिणेला करा."

"म्हणाल तिकडं करतो, राव. आपल्याला काय!"

दांडा गेला माझ्या पाठीमागं. मी तसं सांगितलं, तर मुलगा म्हणाला, "दुसरा बसवू नंतर." त्याचं 'नंतर' मला ठाऊक आहे. गच्चीची गळतीही तो नंतरच काढणार आहे.

प्लंबरनं कडेनं पांढरं सिमेंट भरलं. "उद्यापर्यंत कुणी बसू नका. एकदा सुकलं की मग हलायचं नाही." हे शेवटचं मी नीट ऐकलं. दोघं बाहेर चहाला बसले. मी आत गेले, झाकण पाडलं, साडी सावरली आणि बसले. मग उठायला बघितलं. उठता येईना. खरंच येईना. म्हटलं, बरं झालं.

"अहो आजी, ओलं आहे ते!" प्लंबर दारातून ओरडला.

"ठाऊक हाय."

मुलगा हात द्यायला धावला.

"तुझा हात नको. तू शिफ्टला गेल्यावर कुणाचा धरू?"

"ही आहे की घरात."

"मी नाही हं," सून मागून म्हणाली. "मागच्या वेळी माझी कंबर धरली होती."

इतक्या वर्षांत आमचं दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"आई, ऊठ ना! हलतोय तो."

"हलू दे. न्हाईतरी फिरवायचाच हाय."

प्लंबर हसू दाबत म्हणाला, "भाऊ, सुकायच्या आत काय ते ठरवा. नंतर फोडावं लागेल."

मुलानं कपाळावर हात मारला. "फिरवा." मग मी प्लंबरचा हात धरून उठले.

आता मी एकटी जाते आणि दांडा धरून एकटी उठते. हाक नाही, काही नाही. मुलगा मात्र पूर्वेला तोंड नको म्हणून अजून तिरका बसतो. मला कसं ठाऊक? कमोडची सीट एकाच बाजूनं खिळखिळी झालीय.