जर्मनचं गाव, फ्रेंचचं गाव

माझी नणंद, आमची ताई, पंपांच्या कंपनीत भाषांतर करते. जर्मन आणि फ्रेंच माहितीपत्रकं तिच्या टेबलावर येतात, आणि कुठला नळ डावीकडे फिरवायचा, कुठलं झाकण चुकूनही उघडायचं नाही, हे ती आपल्या भाषेत लिहून देते. कागदावर दोन्ही भाषा तिच्या हातचा मळ. पण तिकडचे इंजिनिअर फोनवर बोलायला लागले की तिची बोबडी वळते. म्हणून कंपनी तिला वर्षभर बाहेर शिकायला पाठवणार होती. गाव तिने निवडायचं, पण निघायचं चाळिशीच्या आत. आणि चाळिशी तर उंबरठ्यावर येऊन बसलेली.

आमच्या घरात सासऱ्यांना विचारल्याशिवाय साधा पडदासुद्धा बदलत नाहीत. त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं, तरी ही रीत काही गेली नाही. रोज संध्याकाळी ताई त्यांना भरवायची आणि भरवता भरवता शाळांची माहिती वाचून दाखवायची. जर्मनच्या गावी गेलीस तर फ्रेंच गंजेल, असं ते म्हणायचे. दुसऱ्या दिवशी फ्रेंचचं गाव निघालं की म्हणायचे, मग जर्मनचं काय? रस्त्यावर दोन्ही भाषा चालतात असंही एक गाव होतं. त्यावर म्हणाले, "तिथे धड ना हे, धड ना ते." ताई मान डोलवायची. मला वाटायचं, म्हातारा पोरीसाठी किती बारकाईने विचार करतोय. कप्पाळ माझं!

एका सकाळी ताई त्यांच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"बाबा, ठरलं. दोन्ही भाषांचं गाव. सकाळी एक वर्ग, दुपारी दुसरा. तुमचं सगळं वहिनी बघेल."

"जा," सासरे म्हणाले.

ताई हसली. इतक्या वर्षांत तिला असं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारी मी वाटी घेऊन बसले, तर सासऱ्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. रात्रीही तेच. डॉक्टर येऊन तपासून गेले, घशाला काही झालेलं नव्हतं. माझा नवरा हातापाया पडला. मी आधी लाडीगोडी लावली, मग आवाज चढवला. ते भिंतीकडे बघत राहिले. पाणी घातलं तर गालावरून उशीवर जायचं. त्यांच्या ओठांना भेगा पडल्या. मला दया येत होती, आणि तळपायाची आग मस्तकातही जात होती.

"ताई, तुम्ही जा," मी तिला स्वयंपाकघरात गाठून म्हटलं. "हा नुसता हट्ट आहे. भूक लागली की खातील."

"आणि नाही खाल्लं तर?"

ताईने ओट्यावरची वाटी उचलली.

ती आत गेली, त्यांच्या उशाशी बसली. "नाही जात, बाबा."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. वाटी संपेपर्यंत ते अधाशासारखे खात होते. ताईने त्यांची हनुवटी पुसली. जरा तरतरी आल्यावर ते म्हणाले, "ते फ्रेंचचं गाव... तसं वाईट नव्हतं. वाच बघू परत."

ताई उठली आणि चष्मा आणायला गेली.