फवारणी झाली, आता बातमी

आमच्या बेलापूरच्या बाजूला ड्रोन उडवणारी पहिली बाई म्हणजे आमची मॅडम, आणि तालुक्याच्या पेपरात बातम्या देणारीही पहिली तीच. पिकांवर औषध फवारायचा तिचा ड्रोन माझ्या टेम्पोतून फिरतो. शेतात उतरली की आधी चिमूटभर माती हवेत सोडून ती वारं बघते. साडीवर लांब बाह्यांचा शर्ट, आणि तोंडात एकच, "बरं, मग?" तेवढ्यावर माणसं नको ते सांगून बसतात.

परवा अण्णांच्या उसावर फवारणी होती. अण्णा म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. रिमोटच्या पडद्याकडे बघता बघता तिने ड्रोन हवेत जागीच थांबवला. मीही डोकावलो. कालव्याचं पाणी शेतांना नेणाऱ्या चारीत गोण्यांचा बांध घालून अण्णांनी सगळं पाणी आपल्या उसाला वळवलं होतं. पुढच्या वस्त्यांची चारी कोरडी ठणठणीत.

मी हळूच म्हणालो, "मॅडम, बघितलंच न्हाई समजा. पोट हाय आपल्याला."

तिने शेवटच्या सरीपर्यंत औषध मारलं, टाकी धुतली आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, फवारणी झाली. आता चारीतल्या बांधाची बातमी देतेय. तुमचं म्हणणं काय?"

अण्णा हसले. "अगं, तू आमच्या कामाला आली व्हतीस ना?"

"ते काम झालं. बरं, मग?"

अण्णांचं हसू गेलं. ते माझ्यावर ओरडले, "हिला घिऊन जा. आन् तूबी परत हिकडं फिरकू नगंस!"

मी चरफडत ड्रोन चढवला. ती शेजारी बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, चारीच्या कडेनं घ्या. पुढच्या वस्त्यांचं म्हणणं राहिलंय."

मला राग आलाच होता. टेम्पो मात्र मी चारीच्या कडेनंच घातला.