बागेतला कचरा

मांडवगणच्या सिद्दीकमामांनी तीस वर्षं एका कचेरीच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहिले. अर्ज झाला की तो आवकच्या खिडकीत द्यायचा आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणायचा, हा त्यांचा नेम. बिनशिक्क्याच्या कागदाला ते रद्दी म्हणत.

२००४ साली त्यांची लेक अल्फिया परदेशी नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करू लागली. लेखनाच्या पेपरात दीडशे शब्दांचं पत्र असायचं. सरावाच्या पुस्तकात प्रश्न होता, तुमच्या गावच्या बागेत कचरा साठला आहे, अधिकाऱ्यांकडे तक्रार करा. तिनं झकास पत्र लिहिलं आणि बापाला दाखवलं. मामांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी ते त्यावर शिक्का घेऊन आले.

"अब्बा, हा नुसता सराव होता. आपल्या गावात बाग कुठं हाय?"

"नसंना का. पोच तर मिळाली."

महिन्याभरात कचेरीचं उत्तर आलं. जागेवर जाऊन पाहणी केली, बागेत कचरा आढळला नाही, सबब अर्ज निकाली. खाली पंच म्हणून शेजारच्या आण्णांची सही.

मामा तडक आण्णांच्या कांद्याच्या वावरात गेले आणि कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "ही बाग कुठं हाय, आण्णा?"

आण्णांनी खुरपं खाली ठेवून कागद नीट पाहिला.

"बागेचं मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "पण तिथं कचरा न्हाई, हे खरं हाय."