आतोबांचा बिनधोक दरबार

जन्माला येण्याएवढं धोक्याचं काम आमच्या आतोबांनी पत्करलंच कसं, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, ठाण्याच्या कोर्टात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले. मी कल्याणचा. इंग्रजी शाळेसाठी त्यांच्या घरी राहायला आलो, तेव्हा उंबऱ्यातच पहिला उपदेश मिळाला, "उजवा पाय आधी टाक, पण डावा पक्का रोवल्याशिवाय नको." तळ्यावर जायचं नाही, कारण तळ्यात पाणी असतं. आंब्याखाली उभं राहायचं नाही, कारण आंबे पिकतात. छत्री उघडण्याआधी रस्त्यावरच्या माणसांना लांब व्हायला सांगायचं, कोणाच्या डोळ्यात काडी जायला नको. अशा माणसाला पोरांचा नाद असावा, ही देवाची थट्टाच म्हणायची. स्वतःचं मूल नव्हतं. पण आळीतली झाडून सगळी पोरं संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जमायची आणि तिथं त्यांचा दरबार भरायचा.

दरबार म्हणजे एक खेळ. पितळी तांब्यात मूठभर चिंचोके असायचे, त्यांतला एक दगडावर घासून पांढरा केलेला. एकेकानं हात घालून एक काढायचा. पांढरा येईल तो आरोपी. आरोपीनं एकतर सवालाचं खरं उत्तर द्यायचं, नाहीतर हुकूम पाळायचा. "दरबाराचा हुकूम ब्रह्मदेवालाही चुकत नाही," असं आतोबा मिशीला पीळ देत बजावायचे. खेळ मोठा झकास होता. फक्त आतोबांनी तो बिनधोक केला होता, एवढंच काय ते वाईट. आम्ही म्हणावं, 'पिंपळाला हात लावून ये', की आतोबा गरजले, "नामंजूर! वाटेत विंचू आहेत." 'कोंबड्यासारखं आरव' हा हुकूम मंजूर व्हायचा, पण हळू आवाजात, घसा बसेल म्हणून. एकदा आम्ही ओटीभर लंगडी घालायचा हुकूम सोडला. त्यांनी बराच विचार केला आणि निकाल दिला, "लंगडी मंजूर. मात्र दोन्ही पायांवर." सवाल तर काय विचारता! "दुपारी भात खाल्लास की भाकरी?" पोरगं म्हणायचं, "भात." "शाबास! सत्याला मरण नाही." एवढ्या भयंकर प्रसंगातून सुटल्याबद्दल त्याला गुळाचा खडा मिळायचा. तोसुद्धा बारीक फोडलेला.

वडीलकीच्या मानानं पहिला चिंचोका नेहमी आतोबा काढायचे. विहिरीत पडलेला पोहरा शोधावा तसा त्यांचा हात तांब्यात फिरत राहायचा, पण पांढरा चिंचोका कधी म्हणून आला नाही. आम्हांला वाटायचं, पुण्यवान माणूस. शेजारच्या ठमीला मात्र तसं वाटत नव्हतं. ती आठ वर्षांची होती आणि फार आगाऊ होती. "पुण्य कसलं डोंबलाचं? घासलेला बोटाला खरखरीत लागतो. चाचपतात ते," असं तिनं माझ्या कानात सांगितलं.

आतोबांचं दुसरं व्रत म्हणजे आत्याशी न बोलणं. भांडण मुळीच नव्हतं. लग्न झालं तेव्हा घरात वडीलधारी माणसं होती आणि त्यांच्यादेखत नवरा-बायकोनं बोलायची रीत नव्हती. ती माणसं एकामागून एक देवाघरी गेली, पण 'आता बोला हो' असं सांगून कोणीच गेलं नाही. तेव्हा आतोबा जेवून ओटीवर यायचे आणि खांबाला सांगायचे, "आमटीत मीठ कमी होतं." दाराआडून आत्या मला सांगायची, "म्हणावं, मीठ बरोबर होतं. तोंडालाच चव नाही." मी मध्ये समन्स घेऊन आलेल्या बेलिफासारखा उभा. निरोप पोचवायचीही गरज नसायची, दोघांचे कान शाबूत होते.

आत्याची आई, म्हणजे माझी आजी, कल्याणला अंथरुणाला खिळली होती. सुटीत मी घरी गेलो की तिचा एकच प्रश्न, "सगुणी नाही आली?" परत आलो की आत्या माझ्या पानात तूप जास्त वाढायची आणि हळूच विचारायची, "आईनं माझी आठवण काढली का रे?" ठाण्याहून कल्याण म्हणजे काय काशी-रामेश्वर? पण आतोबांच्या मते बैलगाडी उलटते, मचवा बुडतो, आणि आगगाडीचं तर नावच नको. "विस्तवाच्या शेपटाला स्वतःला बांधून घ्यायचं, खाडीवरून जायचं, वर मुंब्र्याच्या डोंगराच्या पोटात शिरायचं! शहाण्याचं काम नव्हे," असं ते खांबाला समजावत. माझे वडील मला न्यायला येत, तेव्हा बहिणीलाही नेतो म्हणत. त्यावर आतोबा म्हणायचे, "घरातलं एक माणूस धोक्यात घातलं, तेवढं पुरे." आत्या बिचारी खांबाशी काय हुज्जत घालणार?

एका वर्षी कल्याणहून निरोप आला, आजीचं काही खरं नाही. आत्या चुलीपुढे बसून डोळे पुसत होती आणि धुराचं नाव सांगत होती. खांबही गप्प झाला होता. तरी संध्याकाळी दरबार भरला. आतोबांनी तांब्यात हात घातला, ढवळला, पुन्हा ढवळला. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी चिंचोका बाहेर आला तो पांढरा! ठमीनं दुपारभर पायरीवर बसून सगळेच्या सगळे घासून ठेवले होते.

"आतोबा हरले!" पोरांनी ओटी डोक्यावर घेतली. ठमीनं सवाल टाकला, "आत्याचं नाव काय?"

आतोबांना विंचू चावला जणू. "सवाल नको. हुकूम! हुकूम दे!"

"मग आत्याला नावानं हाक मारा आणि विचारा, तुला काय हवंय."

"नामंजूर! हा धोक्याचा हुकूम आहे."

"हाड कोणाचं मोडणार?" ठमीनं विचारलं.

आतोबांनी कोर्टातला सगळा जन्म आठवून पाहिला. ते खांबाकडे वळले, तर ठमी खांबापुढे जाऊन उभी. आतोबा खाकरले, पगडी सारखी केली आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "सगुणे... काय हवंय तुला?"

आतली भांडी वाजायची थांबली. आत्या दारात आली. माझ्याकडे नाही, खांबाकडे नाही, सरळ त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, "मला आईला बघायचंय. तुम्ही न्या."

आतोबांनी पगडी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं. खिडकीपासून लांब बसायचं."

मी बरोबर होतो. खाडीच्या पुलावर त्यांनी डोळे गच्च मिटले आणि तेहतीस कोटींपैकी आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या. बोगद्यात अंधार झाला. उजेड आला तेव्हा आत्याचा हात त्यांच्या हातात होता, चारचौघांत! डोळे मिटलेले असल्यामुळे उजेड आल्याचं त्यांना कल्याणपर्यंत कळलं नाही. आत्यानंही सांगितलं नाही. आजीनं लेकीला ओळखलं, जवळ घेतलं, आणि थोड्याच दिवसांत समाधानानं गेली.

त्यानंतर दरबारात चमत्कार झाला. नवे चिंचोके आले, पण पांढरा रोज आतोबांनाच यायला लागला. "नशीबच फुटकं!" म्हणत ते हुकूम मागायचे, आणि हुकूम कोणता हे शेंबड्या पोरालाही पाठ होतं. "सगुणे, काय हवंय तुला?" आतून कधी "सरपण" यायचं, कधी "घटकाभर शांतता!" आतोबा तोंड फिरवून हसायचे.

ठमी सासरी गेली, मी नोकरीला लागलो. गेल्या वर्षी आत्या गेली. परवा ठाण्याला गेलो तर ओटीवर नवी पोरं जमली होती, तांब्या तोच होता आणि लंगडी अजून दोन्ही पायांवर चालली होती. आतोबांनी पहिला हात घातला. पुष्कळ वेळ चाचपून काळा, गुळगुळीत चिंचोका बाहेर काढला. पुढच्या डावालाही काळाच. दिवेलागणीपर्यंत मी बसलो होतो. "आतोबा कधीच हरत नाहीत," एक पोरगं मला कौतुकानं म्हणालं.

निघताना मी उगाच थट्टा केली, "काय आतोबा, हल्ली सारखे जिंकता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हरून हाक कोणाला मारू?" असं त्यांनी खांबाला विचारलं.