टेबलावरचे सर

पूर ओसरलेल्या गावात शिरलं की शिंगाडे सर पाणी किती चढलं हे कधीच विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पयला चहा कुणी केला?" मी त्यांचा नवा विद्यार्थी होतो तेव्हा मला वाटायचं, सरांना तलफ आली. मग कळलं, संकटात गाव कुणाच्या चुलीभोवती जमतं, हे त्यांना हुडकायचं असे.

सर मूळचे माण तालुक्यातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. दुष्काळात माणसं कशी वागतात हे लहानपणीच पाहिलेलं. पुरात कशी वागतात हे सांगलीच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवता शिकवता पाहिलं. एका गावात सगळ्या आळ्या एकाच गच्चीवर, एकाच पातेल्यातलं जेवत होत्या. मदतीचा ट्रक आला आणि आळीवार रांगा लागल्या. सर म्हणाले, "बघ गड्या, पाणी माणसं एक करतं, आन ट्रक त्यास्नी आपापल्या घरी सोडतो."

लोक वेळेवर घर का सोडत नाहीत, हा त्यांचा खास विषय. त्यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं, ठिकठिकाणी भाषणं दिली. "इशारा कानात शिरतो, पायात उतरत न्हाई," हे त्यांचं आवडतं वाक्य.

निवृत्तीनंतर एका पावसाळ्यात त्यांच्याच गल्लीत पुराचा इशारा देणारी गाडी भोंगा वाजवत फिरली. मी धावत गेलो. सर आरामात पेपर वाचत होते. "गेल्या खेपंला पानी पायरीला शिवून गेलं. घाई कशाला?"

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणाल्या, "आवं, ह्येच तुमी लोकांचं लिवून आनता न्हवं?"

"ती लोकं येगळी," सर म्हणाले आणि मला परत धाडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर बसली होती आणि टेबलाला पाणी लागलं होतं. शेजारचे निवृत्त सुभेदार कदम छातीभर पाण्यातून ट्रॅक्टरची ट्यूब ढकलत आले. गटारीवरून भांडण झाल्यापासून दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"मास्तर, उतरा. अभ्यास लय झाला."

"आदी हिला घ्या," सर एवढंच म्हणाले.

कदमांच्या माडीवर भेटलो तेव्हा सर माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "पानी दारात आलं तवाच निघायचं हुतं रं. पर गल्लीतनं कोनच हललं न्हवतं. पयला निघाला तर भित्रा म्हनतील, ह्याची लाज. इतकी वर्सं लोकास्नी इचारत हिंडलो, ह्ये कुनी सांगितलं न्हाई." मग हळूच, "मी तरी कुठं सांगितलं असतं?"

पुढच्या पावसाळ्यात नदी वाढली. सर दारोदार गेले, पण भाषण दिलं नाही. आपण टेबलावर कसे बसलो, काकू काय काय बोलल्या, ट्यूबवर चढताना धोतर कसं सुटलं, सगळं हातवारे करून सांगितलं. लोक पोट धरून हसले आणि हसता हसता गाठोडी बांधू लागले. सगळ्यात आधी, सगळ्यांच्या देखत, सर बाहेर पडले. अंधार पडायच्या आत गल्ली रिकामी झाली.

नंतर सर गेले. शोकसभेत मोठमोठ्या लोकांनी त्यांचं पुस्तक वाखाणलं. गल्लीत ते कुणी उघडलेलं नाही. पण पाणी चढू लागलं की तिथल्या बाया अजून एकमेकींना हाक मारतात, "चला गं बायांनो, न्हाईतर सरांगत टेबलावर बसाया लागंल!"