पाण्याचा वास ओळखणारे मामा

मामा बाटलीचं झाकण उघडायचे, एकदा वास घ्यायचे आणि सांगायचे, "हे तळ्याचं न्हाय, नळाचं हाय." क्वचितच चुकायचे. कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा परिचर होते. शिक्षण दहावी, पण पाण्याचा विषय निघाला की प्राध्यापकसुद्धा त्यांना हाक मारायचे.

मी हुपरीहून एसटीनं यायची. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना पर्यावरणात 'काहीतरी' करायचं, एवढंच ठरवलं होतं. त्या शब्दावर मामांचा राग. "काहीतरी म्हंजे काय? पाणी तपासणार, झाडं लावणार, का नुसती भाषणं ठोकणार?"

"पदवी झाल्यावर बघू," मी म्हणाले.

"तवा बघायला सवड गावायची न्हाय. आत्ताच बघ."

दर शनिवारी ते मला कॉलेजच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करायला लावायचे. दिवसभर नक्की काय काम करता, एवढंच विचारायचं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातल्या एका ताईंशी बोलले आणि माझं ठरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथं शिकायला जायचं. त्याआधी हात बसवायचा.

मी तळ्याचं पाणी तपासलं, विहिरीचं तपासलं. मामांनी विचारलं, "घरामागचं का न्हाय आणलंस?"

आमच्या घरात चांदीचे पैंजण उजळायचं काम चाले आणि त्यातलं तेजाबाचं, म्हणजे आम्लाचं, पाणी थेट मागच्या गटारात जाई. दुसऱ्या दिवशी ते नेलं. निळा लिटमस कागद टेकताक्षणी लालभडक झाला. मला रडूच आलं. त्याच कामावर माझी फी भरली जात होती. वडिलांना, आण्णांना, सांगणार कशी?

रविवारी मामा स्वतः हुपरीला आले. कागद बघून आण्णा भडकले. "पोरीला शिकवायचं आणि तिनंच आमचा धंदा बंद पाडायचा व्हय?"

"पावणं, धंदा बंद पाडायला न्हाय आलो," मामा शांतपणे म्हणाले. "पोरीला ह्यातच नोकरी करायची हाय. पहिलं काम घरात करू द्या की."

आण्णांनी होकार दिला नाही, पण ते पाणी साठवायला परसात दोन पिंपं ठेवू दिली. तेजाब मारायला मी रोज त्या पाण्यात थोडाथोडा चुना घालायची, गाळ वेगळा काढायची, तपासून वहीत लिहायची. महिनाभर आण्णांनी तिकडं ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका सकाळी परसातून हाक आली, "आज कागद बदलला न्हाय गं!" त्यांनी स्वतःच तो बुडवून पाहिला होता. त्याच आठवड्यात शेजारचे काका पिंपांबद्दल विचारायला आले, तेव्हा माझ्याआधी आण्णाच सांगू लागले.

केंद्रातल्या साहेबांनी माझी वही चाळली आणि सुट्टीभर शिकायला ठेवून घेतलं.

मी तिसऱ्या वर्षाला असताना मामा निवृत्त झाले. निरोपाला सगळे भरभरून बोलले. मामा उठून एवढंच म्हणाले, "मी शिकवायला नव्हतो. पोरं विचारत हुती, म्हणून मलाबी शिकावं लागलं." आणि उचगावला आपल्या घरी निघून गेले.

पदवीनंतर त्याच केंद्रात मला नोकरी लागली. पहिला फोन मामांना केला. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, "नदीत सोडायच्या आधी पाणी कोण तपासतं?"

"मीच."

"मग झालं की," मामा म्हणाले.